विजापूरचा बोलका घुमट

उन्हाळ्याची सुट्टी आहे, रब्बीची रास घरात आली आहे आणि पेरणीची धांदल अजून लांब आहे. अशा वेळी पोराबाळांना घेऊन एका दिवसाची सहल करायची, तर सोलापूर-सांगलीकडच्या माणसाला विजापूरसारखे दुसरे ठिकाण नाही. सोलापूरपासून ते शंभरएक किलोमीटरवर आहे. होटगीवरून गदगकडे जाणारी रेल्वे तिथूनच पुढे जाते आणि एसटीचीही सोय आहे. विजापूर कर्नाटकात आहे. २०१४ पासून सरकारी पाटीवर 'विजयपुरा' असे नाव आले, पण आपल्याकडच्या लोकांच्या तोंडी ते विजापूरच राहिले आहे.

भीमा ओलांडली की भाषा बदलते, रान मात्र बदलत नाही. तीच काळी जमीन, ज्वारीची तीच धसकटे, बांधावर तीच बाभळ आणि तोच लिंब. इंडीचा भाग लागला की लिंबांच्या बागा दिसू लागतात. गाडी विजापूरजवळ आली म्हणजे सपाट माळावर काहीतरी प्रचंड गोल उठलेले दिसते. टेकडीच वाटावी असे. तोच गोलघुमट.

अंगाचा आणि आकाराचा

आदिलशाहीतला सुलतान मुहम्मद आदिलशहा याची ही कबर. शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते तोच हा सुलतान. त्याने १६२७ ते १६५६ असे राज्य केले, आणि हयातीतच आपल्या कबरीचे बांधकाम सुरू केले. १६५६ साली तो वारला आणि काम आहे तिथे थांबले. आत चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत.

इमारत बाहेरून साधी चौकोनी. चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी मनोरे, प्रत्येक सात मजल्यांचा. आत शिरले की नजर आपोआप वर जाते आणि मान मोडेपर्यंत वरच राहते. सुमारे १३५ फूट लांब व तेवढाच रुंद असा हा दिवाणखाना, आणि मध्ये आधाराला एकही खांब नाही. घुमटाचा आतला व्यास सुमारे १२४ फूट, म्हणजे जवळजवळ ३८ मीटर. लंडनच्या सेंट पॉल चर्चचा नामांकित घुमटसुद्धा याच्यापेक्षा लहान आहे. चौकोनी भिंतींवर गोल घुमट बसवायचा म्हणून कारागिरांनी कमानी एकमेकींत अशा गुंफल्या आहेत, की घुमटाचा भार सगळीकडे वाटला जाऊन भिंतींवर उतरतो. घुमट विटांचा आणि चुन्याचा. तळाशी त्याची जाडी दहा फुटांच्या आसपास आहे.

मनोऱ्यातला जिना अरुंद आणि पायऱ्या उंच. म्हाताऱ्या माणसांनी दम खात, मजल्यामजल्यावर थांबत चढावे. वर पोहोचल्यावर आठ दरवाजे लागतात. त्यातल्या एकातून आत गेले की घुमटाच्या आतल्या अंगाला गोल सज्जा आहे. रुंदी अकरा फुटांच्या आसपास, आणि खाली शंभर फुटांवर जमीन. हाच तो बोलणारा सज्जा. लहान पोरांचा हात मात्र इथे सोडू नये.

सकाळी लवकर गेलात तरच या जागेचे नवल कळते. दहा वाजले की शाळांच्या सहली येतात, प्रत्येक पोर ओरडते आणि घुमटात नुसता कालवा होतो. मी पोहोचलो तेव्हा वर फक्त एक कुटुंब होते. मंगळवेढ्याकडचे एक आजोबा, त्यांची सून आणि आठ-नऊ वर्षांची नात. आजोबा भिंतीला टेकून बसले होते. नात पलीकडच्या बाजूला, घुमटाची सगळी रुंदी मध्ये सोडून, भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"आबा, गुळाची ढेप कुणी फोडली?" ती हळूच म्हणाली. ओठ भिंतीला लागतील इतके जवळ.

ते शब्द आमच्या कानाशी आले. आजोबा दचकून मागे वळले. मागे भिंतच होती.

"आता गं! कानात बोलल्यावाणी आलं की!" ते मला म्हणाले, "पाव्हणं, हे कसं व्हतं? रानात दोन एकरावर हाक मारली तर गडी 'ओ' देत न्हाई, आन् हितं कुजबूज ऐकू येती."

प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी आवाज म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते.

जागचे हलत नाही आणि पुढे जाते

वाऱ्याची झुळूक आली की हुरड्यात आलेल्या ज्वारीच्या रानावरून एक लाट सळसळत जाते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते. ताटे मात्र आपल्या जागीच असतात, ती फक्त वाकतात आणि परत सरळ होतात. विहिरीत खडा टाकला की वर्तुळे काठापर्यंत पोहोचतात, पण पाण्यावर पडलेले पान तिथल्या तिथे वरखाली होते. जिन्नस जागेवर राहतो आणि हालचाल तेवढी पुढे जाते. तिलाच लाट किंवा तरंग म्हणतात.

आवाज ही हवेतली लाट आहे. तिची चाल मालगाडीसारखी असते. इंजिन मागून येऊन पहिल्या डब्याला धडकते, पहिला डबा दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, आणि धक्का शेवटच्या डब्यापर्यंत खडखडत जातो. प्रत्येक डबा वीतभर हलतो, धक्का मात्र सगळी गाडी ओलांडतो. आपण बोलतो तेव्हा घशातल्या पडद्यांची थरथर जवळच्या हवेला ढकलते, ती हवा पुढच्या हवेला, आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या कानाचा पडदा तसाच थरथरतो. तोंडातली हवा काही त्याच्या कानापर्यंत जात नाही.

हा धक्का हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. हवा तापलेली असली तर थोडा जास्त, थंड असली तर थोडा कमी. पाण्यातून तो चौपटीपेक्षा जास्त वेगाने जातो आणि लोखंडातून त्याहूनही जलद. जिथे काहीच नाही, हवाही नाही, तिथून तो जातच नाही. ढकलायला पुढे कुणी हवे ना!

मोकाट पाणी आणि पाटाचे पाणी

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. रानात मारलेली हाक चहूबाजूंना पसरते. पुढे, मागे, वर आकाशात, सगळीकडे. शंभर पावलांवर ती जेवढी असते, त्याच्या चौथाई जोर दोनशे पावलांवर उरतो. चारशे पावलांवर सोळावा हिस्सा. विहिरीचे पाणी मोकाट सोडले तर ते पसरते, जिरते आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचत नाही. तेच पाणी पाटाने नेले तर शिवाराच्या टोकाला जाते.

घुमटाची गोल भिंत म्हणजे आवाजाचा पाट. भिंतीला लागून बोललेली कुजबूज भिंतीवर अगदी तिरकी आदळते, जराशी वळते, पुन्हा आदळते, पुन्हा वळते. अशी ती भिंतीला चिकटून सरपटत गोल फिरते. ती वर आकाशात जात नाही, मधल्या पोकळीतही फारशी सांडत नाही. म्हणून तिचा जोर टिकतो. भिंत गुळगुळीत चुन्याची असल्याने आवाज शोषलाही फार जात नाही. शेणाने सारवलेली जाड मातीची भिंत असती, वर गोणपाट टांगलेले असते, तर एवढे ऐकू आले नसते.

पूर्वी विद्वानांनाही वाटे, की बोलणाऱ्याच्या अगदी समोरच्या ठिकाणीच आवाज गोळा होत असावा. इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी सेंट पॉलच्या घुमटात पाहिले, की तसे नाही. समोरच कशाला, भिंतीच्या कडेकडेने कुठेही उभे राहा, आवाज येतो. म्हणजे तो मधून उडी मारत नाही, भिंतीने फिरतो. आपल्या सी. व्ही. रामन यांनीही १९२१ साली लंडनला गेले असता त्याच घुमटात या कुजबुजीचा अभ्यास केला.

विजापुरात हे तुम्ही स्वतः करून पाहू शकता. एकाने भिंतीशी तोंड नेऊन एकसारखे हळू बोलत राहावे, दुसऱ्याने भिंतीला कान लावून चालत जावे. मग तोच प्रयोग भिंतीपासून चार पावले दूर, कठड्याजवळ उभे राहून करावा. पाट सोडल्यावर पाण्याचे काय होते ते लगेच कळेल.

आजोबांच्या नातीने टाळी वाजवली. टाळी परत आली, पुन्हा आली, पुन्हा आली. ती बोटे मोजू लागली. इथे आवाज सात वेळा परत येतो असे वाटाडे सांगतात. शांत वेळी, कान देऊन ऐकले तर दहापर्यंतही मोजता येतो. हा मात्र भिंतीने सरपटणारा आवाज नव्हे. टाळी पोकळी ओलांडून समोरच्या भिंतीला लागते आणि परत येते. जाऊन येऊन ७६ मीटर, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांत सेकंदाचा दहावा हिस्सा तरी गेला, तरच आपल्या कानाला ते दोन वेगळे वाटतात. म्हणून सतरा-अठरा मीटरपेक्षा जवळच्या भिंतीवरून पडसाद वेगळा ऐकू येत नाही, नुसता आवाज घुमतो. घरात पडसाद का येत नाही आणि दरीत का येतो, त्याचे हेच कारण.

सूर्याची सोनेरी रेघ

रामन लंडनहून बोटीने परतत होते तेव्हा भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांच्या मनात प्रश्न आला, की हे पाणी निळे का? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रकाशाविषयीचा त्यांचा मोठा शोध लागला आणि १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शाळांतून २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन पाळतात तो त्याचीच आठवण म्हणून. आवाजाचा अभ्यास करणारा माणूस प्रकाशाकडे वळला यात नवल नाही, कारण प्रकाशसुद्धा लाटच आहे.

पण ही लाट वेगळ्या जातीची. तिला पुढे जायला हवा लागत नाही. सूर्य आणि आपण यांच्यामध्ये पंधरा कोटी किलोमीटरची पोकळी आहे, तरी ऊन आपल्यापर्यंत पोहोचते. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. सूर्यावरून निघालेला किरण सव्वाआठ मिनिटांत आपल्या शेतात उतरतो. मध्ये हवा असती आणि सूर्याचा आवाज निघाला असता, तर तो इथे यायला जवळजवळ चौदा वर्षे लागली असती.

आवाजाची लाट दाट असली की सूर बारीक, विरळ असली की जाड. तसेच प्रकाशाच्या लाटांचे अंतर म्हणजे रंग. तांबड्या रंगाच्या एका मिलिमीटरमध्ये सुमारे चौदाशे लाटा बसतात, जांभळ्याच्या अडीच हजारांच्या आसपास. पावसाचे थेंब या लाटा वेगवेगळ्या करतात तेव्हा इंद्रधनुष्य दिसते. काचेच्या लोलकातून तेच करता येते.

प्रत्येक मूलद्रव्य तापून पेटले की आपल्या ठरलेल्या रंगाच्या रेघा देते. चुलीच्या जाळावर मीठ सांडले की ज्योत पिवळी होते, ते मिठातल्या सोडियममुळे. दुसऱ्या कशाची रेघ नेमकी त्या जागी येत नाही. गुराच्या अंगावरच्या डागासारखी ही खूण. म्हणून जिथे हात पोहोचत नाही तिथली वस्तूही तिच्या उजेडावरून ओळखता येते.

या शोधाच्या इतिहासात विजापूरचे नाव आहे, ते गोलघुमट पाहणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी, श्रावणातल्या अमावस्येला, म्हणजे आपल्याकडच्या बैलपोळ्याच्या दिवशी, खग्रास सूर्यग्रहण झाले. सावलीचा पट्टा पश्चिम किनाऱ्यावरून विजापूर भागातून पूर्व किनाऱ्याकडे गेला. युरोपातले शास्त्रज्ञ ठिकठिकाणी दुर्बिणी रोवून बसले होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्षल, गुंटूरला फ्रान्सचे जान्सन, आणि विजापुरात कॅप्टन हेग. पावसाळ्याचे दिवस, ढगांची येजा चालू. तरी सूर्य झाकला गेला तेव्हा कडेने उठणाऱ्या तांबड्या ज्वाळा दिसल्या. हेग यांनी लोलकाच्या उपकरणातून त्यांचा उजेड फोडून पाहिला. त्यांना दोन ठळक पट्टे दिसले, एक गुलाबीसर तांबडा आणि दुसरा फिकट सोनेरी.

तांबडा होता हायड्रोजनचा. पिवळी रेघ अनेकांना मिठातल्या सोडियमची वाटली. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहण नसतानाच त्या ज्वाळांचा उजेड तपासला. पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर नाही, जरा बाजूला आहे, असे त्यांच्या मोजणीत ठरले. पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नसलेले द्रव्य सूर्यावर आहे! ग्रीक भाषेत सूर्य म्हणजे हेलिओस, म्हणून त्याचे नाव हेलियम पडले. पृथ्वीवर ते सापडले १८९५ साली, रॅमसे यांना एका खनिजात. आज मोठ्या इस्पितळात एमआरआयचे यंत्र असते, त्याचे चुंबक थंड ठेवायला हेच हेलियम लागते.

कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि हेलियमचा शोध तिथे लागला असे सांगतात. लॉकियर विजयदुर्गावर आले होते हे खरे, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. १८६८ साली ते इंग्लंडमध्येच होते. विजापुरात हेग यांना दिसलेला सोनेरी पट्टा मात्र त्याच हेलियमच्या रेघेचा असावा, असे आज म्हणता येते.

रस्त्यावरचे पाणी, रात्रीचे भजन

दुपार झाली. आजोबांना मुलुखमैदान तोफ बघायची होती, म्हणून आम्ही बरोबरच निघालो. डांबरी रस्ता तापला होता आणि पुढे पाण्याचे थारोळे दिसत होते. जवळ जावे तसे ते पुढे सरकत होते. नातीला गंमत वाटली. हे मृगजळ. जमिनीलगतची हवा भट्टीसारखी तापते, वरची त्या मानाने थंड असते. तापलेल्या विरळ हवेत प्रकाश किंचित जलद जातो, त्यामुळे खाली येणारा किरण जमिनीला न लागता वर वळतो आणि आपल्याला रस्त्यावर आकाशाचा तुकडा दिसतो. डोळ्याला तो पाणी वाटतो.

भर दुपारी आवाजही असाच वर वळतो, म्हणून उन्हात हाक लांब जात नाही. हिवाळ्याच्या रात्री याच्या उलट घडते. जमिनीलगतची हवा गार, वरची ऊबदार. मग वर निसटणारा आवाज पुन्हा खाली वळतो. ज्वारी राखायला माळ्यावर बसलेल्याला दोन गावे पलीकडचे भजन ऐकू येते ते यामुळे.

मुलुखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, ओतली गेली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून १६३२ साली विजापूरला आली. लांबी चौदा फुटांवर, वजन पंचावन्न टनांच्या घरात. तोंडाशी सिंहाचा जबडा कोरलेला. बुरुजावर शेजारी पाण्याचा हौद आहे. बत्ती दिली की गोलंदाज हौदात बुडी मारी, म्हणजे कानठळ्या बसत नसत, असे सांगतात.

लांबून तोफ पाहणाऱ्याला आधी ठिणगी दिसते आणि मागून आवाज येतो. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी १७३८ साली पॅरिसजवळ असाच आवाजाचा वेग मोजला. रात्री एका टेकडीवरून तोफ उडवायची, दुसऱ्या टेकडीवर उजेड दिसताच वेळ धरायची आणि आवाज येईपर्यंत मोजायचे. उजेड तर लगोलग येतो, तेव्हा जो काही उशीर होतो तो सगळा आवाजाचा.

हे ऐकून आजोबा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हंजी इजेचं बी असंच म्हणा की."

"तसंच, आबा."

"गेल्या मिरगाच्या आधी आमची जोडी गेली, पाव्हणं. वळीव आला. लांब कडाडत हुतं. मी म्हनलं, लांब हाय. बैलं लिंबाखाली बांधली आन् कुळव झाकाया गेलो. परतूस्तवर दोन्ही आडवी." ते तोफेच्या थंड अंगावर हात फिरवत राहिले. "कुणी सांगितलं असतं तर सोडून दिली असती. मोकळी सुटली असती तर काय सांगावं, जगली बी असती."

सून हळूच म्हणाली, "मामंजी, चला आता, सावलीला बसू." पण नातीने विचारले, "मग कसं मोजायचं?" तिला सांगितले तेच इथे सगळ्यांसाठी लिहितो.

वीज किती लांब आहे?

वीज चमकते तेव्हा तिच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे तीस हजार अंश तापते आणि फुटल्यासारखी पसरते. तोच गडगडाट. वीज चमकणे आणि कडकडणे एकाच क्षणी घडते. उजेड तत्काळ दिसतो आणि आवाज मागून चालत येतो. विजेची वाट काही किलोमीटर लांब, वेडीवाकडी असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोहोचतो, लांबच्या टोकाचा नंतर. म्हणून एका कडाक्याऐवजी लांबलचक गडगड ऐकू येते.

मोजणी सोपी आहे. चमकल्याबरोबर सेकंद मोजायला लागा. गडगडले की थांबा. जो आकडा आला त्याला तीनने भागा. तेवढे किलोमीटर वीज लांब. पंधरा आले तर पाच किलोमीटर. तीस आले तर दहा.

दहा किलोमीटर म्हणजे लांब, असे आपल्याला वाटते, आणि इथेच घात होतो. एका कडाक्यानंतरचा दुसरा त्याच ढगातून आठ-दहा किलोमीटर अलीकडे पडू शकतो. डोक्यावर पाऊस नसतानाही पडतो. म्हणून मोजणी तीस किंवा त्याहून कमी आली की हातातले काम तिथेच टाकावे आणि पक्क्या घरात जावे. घर लांब असेल तर बंद टपाची जीप किंवा एसटी चालते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. गडगडाट साधारण पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडे ऐकूच येत नाही, कारण तो वर वळून जातो. तेव्हा गडगड कानावर आली याचाच अर्थ ढग आपल्या शिवाराजवळ आला. पहिल्या विजेला मात्र मोजणी नसते, म्हणून आभाळ काळे होऊन वारा सुटला की आधीच सावध व्हावे.

एकट्या झाडाखाली उभे राहू नये. विजेचा खांब, तारेचे कुंपण, विहिरीवरची मोटर, नदी-तळ्याचे पाणी यांपासून दूर राहावे. माळ्यावर किंवा उघड्या ट्रॅक्टरवर थांबू नये. सगळे मिळून एका जागी गोळा होऊ नये, अंतर ठेवावे. काहीच आसरा नसेल तर सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये.

पाय का जुळवायचे? वीज झाडावर पडली की ती मुळाशी संपत नाही, जमिनीतून चहूकडे पसरते. झाडाजवळ तिचा जोर जास्त, लांब कमी. माणसाचे पाय फाकलेले असले तर एका पायाशी जोर जास्त आणि दुसऱ्याशी कमी, म्हणून वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय तर चार-पाच फूट लांब, आणि वीज जाते ती छातीतून. झाडाखाली बांधलेली जनावरे एकदम दगावतात ती यामुळे. वळवाच्या दिवसांत जनावरे झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नयेत. आभाळ आले की आधी त्यांना गोठ्यात आणावे.

कुणाला वीज लागलीच तर त्याच्या अंगात वीज राहत नाही, त्याला बेधडक हात लावावा. १०८ ला फोन करावा. श्वास बंद असेल तर छातीवर मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भराभर दाब देत राहावे, मदत येईपर्यंत थांबू नये. अशी माणसे वाचतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप काढले आहे. जवळपास वीज पडत असेल तर ते मोबाइलवर इशारा देते. घरातल्या शिकल्यासवरल्या पोराकडून ते घालून घ्यावे.

आणि मोबाइलची रेंज गेली तरी मोजणी कुठे जात नाही. ती डोळ्याची, कानाची आणि दहा बोटांची आहे. विजापूरला जाल तेव्हा पोरांना घुमटात एकदा टाळी वाजवायला लावा आणि परत आलेल्या टाळ्या मोजायला शिकवा. पहिला वळीव येण्याआधी हीच मोजणी आभाळाशी लावून दाखवा. तिसाच्या आत गडगडले की कुळव रानात राहिला तरी चालेल. माणसे आणि बैले घरी आली पाहिजेत.